असईचे गोलंदाज : बक्षीस, शिक्षा आणि निष्ठा

१/
२३ सप्टेंबर १८०३. आजच्या जालना जिल्ह्याच्या उत्तर भागात, केळना आणि जुई या दोन नद्यांच्या बेचक्यात, असई गावाजवळ दिवस कलला तेव्हा शिंद्यांच्या शंभराच्या आसपास तोफा इंग्रजांच्या हाती पडल्या होत्या. त्यांतल्या कित्येक तोफांपाशी त्या चालवणारे गोलंदाजही पडले होते. ते पळाले नव्हते.

२/
याच फौजेतल्या काही अधिकाऱ्यांनी कंपनी सरकारच्या आश्वासनावर विसंबून शिंद्यांची चाकरी सोडली होती. दोघेही सरदार, दौलतराव शिंदे आणि नागपूरचे रघूजी भोसले, लढाई ऐन रंगात असतानाच रणांगणातून निघून गेले होते. तीस हजारांहून अधिक घोडदळ जवळच उभे होते, पण त्यातले फारच थोडे लढले. एका छावणीतली माणसे इतकी वेगवेगळी का वागली? हा धागा त्या प्रश्नाचा आहे.

३/
या प्रश्नाची आपल्याकडे दोन ठरलेली उत्तरे आहेत. गेले ते फितूर, राहिले ते शूर. हे शब्द घडलेल्या गोष्टीला नाव देतात, तिचे कारण सांगत नाहीत. कारण शोधायचे तर एक रूक्ष वाटणारा हिशेब मांडावा लागतो. कोणाला, कशाबद्दल, काय आणि केव्हा मिळत होते? आणि चुकल्यास कोणाचे काय जात होते?

४/
मानसशास्त्राने हा हिशेब असईनंतर शंभर वर्षांनी मांडायला घेतला. एडवर्ड थॉर्नडाइक याने १८९८ मध्ये पिंजऱ्यात कोंडलेल्या मांजरांवर प्रयोग केले. ज्या हालचालीने दार उघडते आणि खाणे मिळते ती हालचाल मांजर पुन्हा पुन्हा करू लागते, असे त्याला दिसले. पुढे बी. एफ. स्किनर याने यावर शास्त्रच उभारले. वर्तनामागून जे मिळाल्याने ते वर्तन बळावते, त्याला मराठीत ‘प्रबलन’ म्हणतात.

५/
त्यांचे तीन निष्कर्ष येथे पुरेसे आहेत. पहिला, मोबदला थांबला की सवय हळूहळू विझते. दुसरा, मोबदला कधी मिळतो, कधी मिळत नाही अशा रीतीने लागलेली सवय सर्वांत उशिरा विझते. तिसरा निष्कर्ष थॉर्नडाइकने उतारवयात मान्य केला : बक्षिसाने वर्तन जितके पक्के होते, तितके शिक्षेने ते पुसले जात नाही. शिक्षा बऱ्याचदा वर्तनाला फक्त दडवते.

६/
मराठी राज्यकर्त्यांना हे ठाऊक नव्हते असे मात्र नाही. कृष्णाजी अनंत सभासदाने १६९०च्या दशकात जिंजीला लिहिलेल्या बखरीत अफजलखान प्रसंगानंतरचा तपशील येतो. पडलेल्यांच्या मुलांना चाकरीत घेतले. ज्यांना मूल नव्हते त्यांच्या बायकांना अर्धे वेतन लावून दिले. जखमींना जखम पाहून पंचवीसपासून दोनशे होनांपर्यंत बक्षीस दिले.

७/
या व्यवस्थेत बारकावा आहे. बक्षीस केवळ विजयाला नाही, जखमेलाही आहे. जो पुढे गेला, ज्याने वार झेलला, त्याचे आणि त्याच्या घरच्यांचे पुढे काय होणार हे आधीपासून ठरलेले आहे. शिपायाच्या मनात लढाईच्या क्षणी जो प्रश्न सर्वांत मोठा असतो, त्याचे उत्तर छावणीतच मिळून गेलेले असते.

८/
शिवाजी महाराजांचे चिपळूणजवळच्या लष्कराला लिहिलेले १६७०च्या दशकातले पत्रही याच अंगाने वाचता येते. रयतेच्या भाजीच्या देठालाही हात लावू नये, या ताकिदीसाठी ते प्रसिद्ध आहे. पण त्यात नुसती ताकीद नाही. दाणावैरण आताच उधळली तर पावसाळ्यात घोडी उपाशी पडतील, मग शिपाई रयतेला नागवतील, आणि रयत म्हणेल की याहून मोगल बरे. पत्र गुन्ह्याआधी गुन्ह्याचे कारण बंद करते.

९/
राजारामांच्या काळात, मोगलांशी जीवनमरणाचा झगडा चालू असताना खजिना रिकामा झाला आणि सरंजामांची पद्धत पुन्हा रुजली. सरदाराने फौज ठेवावी, खर्च नेमून दिलेल्या मुलखाच्या वसुलातून भागवावा. यात शिपायाचा मोबदला राज्याच्या हातून निसटला. वसूल आला तर पगार, नाही तर चढलेल्या पगाराचा आकडा.

१०/
अठराव्या शतकात हा आकडा वर्षावर्षांचा होऊ लागला. तेव्हा शिपायांनी एक हत्यार शोधले : धरणे. सरदाराच्या किंवा दिवाणाच्या तंबूला वेढा घालून बसायचे, स्वतः जेवायचे नाही आणि आतल्यालाही जेवू द्यायचे नाही. हिशेब मिटल्यावाचून उठायचे नाही. टॉमस ब्रॉटन हा इंग्रज अधिकारी १८०९ मध्ये दौलतरावांच्या छावणीत होता. त्याच्या पत्रांत अशी धरणी वारंवार येतात.

११/
या धरण्यांतून फौज काय शिकत होती ते पाहावे. चांगले लढल्याने पगार मिळत नाही. मुकाट राहिल्याने तर नाहीच. धन्याची कोंडी केली की मात्र थोडाफार मिळतो, तोही दरवेळी नाही. म्हणजे पगार देऊन सरकार ज्या वर्तनाला बळ देत होते ते लढणे नव्हते, धरणे होते. आणि कधी फळणारी, कधी न फळणारी सवयच सर्वांत चिवट असते.

१२/
शिलेदाराचा हिशेब याहून अवघड. बारगिराचा घोडा सरकारी, शिलेदाराचा स्वतःचा. घोडा मेला तर बारगीर दुसऱ्या घोड्यावर बसे. शिलेदाराची मात्र उपजीविकाच जाई. तोफांच्या तोंडावर घोडे घालणाऱ्याला ही शिक्षा त्या व्यवस्थेनेच लावून ठेवली होती, आणि मागे राहणाऱ्याला कोणतीच नव्हती. असईला घोडदळ का हलले नाही, याचे एक उत्तर येथे आहे.

१३/
पेंढाऱ्यांना तर पगारच नव्हता. लूट हेच उत्पन्न. त्यामुळे लुटीत ते वाकबगार झाले आणि जेथे लूट नाही अशा लढाईशी त्यांचे देणेघेणे उरले नाही. त्यांना दोष देणारे खूप झाले, पण त्यांना पोसणाऱ्या सरदारांनी त्यांच्याकडून याखेरीज दुसरे काही विकत घेतलेच नव्हते.

१४/
महादजी शिंद्यांनी हे चक्र मोडायचा प्रयत्न केला. १७८४ मध्ये त्यांनी बेन्वा डी बॉयन या सव्हॉयच्या लष्करी अधिकाऱ्याला चाकरीत घेऊन कवायती पलटणी उभारल्या. आग्र्याला तोफा ओतण्याचा कारखाना निघाला. १७९० मध्ये पाटण आणि मेडता येथे या फौजेने राजपुतांचा पाडाव केला. तिची कवायत, बंदुका, संगिनी यांबद्दल भरपूर लिहिले गेले आहे. तिच्या पगाराबद्दल कमी.

१५/
डी बॉयनने अट घातली होती ती पगाराची. कंपूंच्या खर्चासाठी दुआबातला मुलूख ‘जायदाद’ म्हणून वेगळा तोडून देण्यात आला आणि त्याचा वसूल थेट फौजेकडे येऊ लागला. शिपायाला ठरल्या वेळी नगद पगार मिळू लागला. धरणे धरण्याचे कारणच नाहीसे झाले. शिक्षा न करता एक जुनी सवय विझवली गेली.

१६/
जखमीचा विचारही त्याने केला. जखम पाहून पंधरा दिवसांपासून तीन-चार महिन्यांच्या पगाराइतके बक्षीस, बरा होईपर्यंत पगार चालू. कायमचा जायबंदी झाल्यास अर्ध्या पगाराचे निवृत्तिवेतन आणि जमीन. मेल्यास त्याची मालमत्ता वारसांना. सभासदाच्या बखरीतली व्यवस्था सव्वाशे वर्षांनी एका फिरंग्याच्या हातून मराठ्यांच्या फौजेत परत आली, असे म्हणता येईल.

१७/
हे शिपाई आणि गोलंदाज बहुतांशी उत्तरेकडचे होते : अवध, दुआब, रोहिलखंड या भागांतले. शिंद्यांशी त्यांचे रक्ताचे नाते नव्हते, मुलखाचे नव्हते, पुष्कळांच्या बाबतीत भाषेचेही नव्हते. जे नाते होते ते दरमहा पाळल्या गेलेल्या शब्दाने विणलेले होते. असईच्या गोलंदाजांचे कोडे म्हणूनच अधिक गहन आहे. भाडोत्री म्हणावी अशी माणसे घरच्यांपेक्षा अधिक टिकली.

१८/
१७९४ मध्ये महादजी वारले, पुढल्या वर्षी डी बॉयनही गेला. दौलतरावांच्या काळात पैशाची ओढाताण इतकी वाढली की १७९८ मध्ये त्यांचे सासरे सर्जेराव घाटगे यांनी फौजेच्या पगारासाठी पुण्यातल्या सावकारांना आणि सधन लोकांना छळून पैसा उकळला. शिक्षा येथे कोणाची वागणूक सुधारण्यासाठी नव्हती. धन्याने वेळेवर न दिलेल्या पगाराची किंमत तिसऱ्याच माणसाच्या पाठीवर फोडली जात होती.

१९/
डी बॉयनच्या जागी आलेल्या पेराँच्या हाताखाली कंपू टिकले. पण त्यांचा अधिकारीवर्ग निराळा होता. फ्रेंच, इंग्रज, जर्मन, युरेशियन असे हे लोक नशीब काढायला आले होते. त्यांचे शिंद्यांशी नाते एकाच गोष्टीचे होते, पगाराच्या आकड्याचे. केवळ आकड्यावर उभ्या असलेल्या निष्ठेला एक धोका असतो. कोणी मोठा आकडा मांडला की ती हलते.

२०/
तो आकडा गव्हर्नर जनरल लॉर्ड वेलस्ली याने मांडला. २९ ऑगस्ट १८०३ च्या जाहीरनाम्याने शिंद्यांच्या चाकरीतल्या इंग्रज प्रजाजनांना ती सोडण्याचे फर्मावले, आणि सोडणाऱ्यांच्या निर्वाहाची हमी दिली. एका हाती राजद्रोहाचा धाक, दुसऱ्या हाती तनखा. अनेकांनी तनखा घेतला. लूकन नावाचा असा एक अधिकारी तर ४ सप्टेंबरला अलीगढच्या किल्ल्याची वाट दाखवायला लेकच्या फौजेपुढे चालला. पेराँही त्याच सुमारास लेकच्या आश्रयाला गेला.

२१/
दख्खनेत याच गव्हर्नर जनरलचा धाकटा भाऊ आर्थर वेलस्ली मोहिमेवर होता. त्याची शिस्त कठोर होती. १७९९ मध्ये श्रीरंगपट्टण पडल्यावर शहरातली लूट थांबवण्यासाठी त्याने चौघांना फासावर चढवले होते. ऑगस्ट १८०३ मध्ये अहमदनगर घेतल्यावर लूट करताना सापडलेल्या दोन शिपायांना वेशीतच फाशी देण्यात आली. सर्वांना दिसेल अशा जागी आणि अपराधानंतर लगेच.

२२/
पण नुसत्या फासाने त्याची फौज रयतेच्या शेतात शिरायची थांबली नसती. त्याच्यामागे बंजाऱ्यांचे धान्याने लादलेले तांडे चालत आणि धान्याला रोख दाम मिळे. शिपायाचे पोट भरलेले होते म्हणूनच लुटीची शिक्षा त्याला न्यायाची वाटू शकत होती. उपाशी माणसाला त्याच अपराधाबद्दल फाशी दिली असती तर ती शिक्षा ठरली नसती, तो जुलूम ठरला असता. चिपळूणच्या पत्रातला विचारही हाच होता.

२३/
२ सप्टेंबरला कर्नल स्टीव्हन्सनने जालन्याचा किल्ला घेतला. २१ तारखेला बदनापूरला वेलस्ली आणि स्टीव्हन्सन भेटले. दोघांनी दोन वाटांनी जावे आणि २४ ला मिळून शत्रूवर पडावे असे ठरले. पण २३ च्या सकाळी नळणीच्या मुक्कामी वेलस्लीला कळले की शत्रूची छावणी भोकरदनच्या बाजूला, अवघ्या काही मैलांवर आहे. स्टीव्हन्सनची वाट न पाहता तो निघाला.

२४/
केळनेच्या दोन काठांवर पिंपळगाव आणि वरूड ही गावे समोरासमोर दिसली. समोरासमोर गावे आहेत म्हणजे मध्ये उतार असणारच, या तर्काने त्याने फौज नदीत घातली. तर्क खरा ठरला. त्याच्याकडे लढणारी सुमारे साडेचार हजार कवायती माणसे होती, शिवाय म्हैसूरचे आणि पेशव्यांचे घोडदळ. समोर दहा हजारांवर कवायती पायदळ, शंभरावर तोफा आणि अफाट घोडदळ.

२५/
बाजूने हल्ला होतो आहे हे पाहताच शिंद्यांच्या पलटणींनी तोफांसह आपली सगळी रांग फिरवून नवे तोंड धरले. चालत्या लढाईत हे करणे अतिशय अवघड. मराठ्यांच्या कवायतीला हसणारे इंग्रज अधिकारीही चकित झाले. पोलमन या हॅनोव्हरच्या जर्मनाच्या हुकमाखाली हे घडले. कंपनीच्या जाहीरनाम्याने अनेक अधिकारी नेले होते, पण वर्षानुवर्षांची तालीम कोणाला नेता आली नव्हती.

२६/
तोफांनी इंग्रजांची रांग झोडपून काढली. ओढण्याचे बैल मेल्यामुळे इंग्रजांच्या बऱ्याच तोफा पुढे जाऊच शकल्या नाहीत. पायदळ संगिनी रोखून चालत आले. गोलंदाज शेवटपर्यंत बत्ती देत राहिले आणि तोफांपाशीच संगिनींना बळी पडले. काही जण मेल्याचे सोंग घेऊन पडून राहिले, इंग्रजांची रांग पुढे सरकताच उठले आणि त्यांनी तोफा फिरवून तिच्या पाठीवर गोळे डागले.

२७/
मेल्याचे सोंग घेणाऱ्या माणसापुढे पळून जाण्याची वाट मोकळी होती. वरचे सरदार गेले होते, पगाराची खात्री केव्हाच विरली होती, पाहणारा कोणी उरला नव्हता. उठून पुन्हा बत्ती दिली तर मरण जवळपास निश्चित. बक्षीस आणि शिक्षा यांचा त्या क्षणाचा हिशेब मांडला तर त्याने पडून राहायला हवे होते. तो उठला.

२८/
इंग्रजांची हानी भयंकर झाली. ४२८ ठार, ११३८ जखमी, १८ बेपत्ता. लढलेल्या कवायती फौजेचा जवळपास तिसरा हिस्सा. ७४ व्या हायलंडर पलटणीचे दहा अधिकारी पडले, कारण उजव्या बाजूच्या तुकड्या चुकून असई गावाच्या तोफांपुढे गेल्या आणि ती पलटण त्यांच्यामागून गेली. पुढे आयुष्यभर वेलिंग्टनला वॉटर्लू पाहूनही असईची आठवण सुटली नाही.

२९/
तुकड्या चुकीच्या वाटेने नेणारा अधिकारी ऑरॉक. त्याच्या चुकीने शेकडो माणसे गेली. वेलस्लीने त्याच्यावर खटला चालवला नाही. चुकीबद्दल त्याने खेद नोंदवला आणि सोबत हेही लिहिले की याहून तिखट माऱ्यात कोणी तुकडी नेऊ शकला नसता. लुटीला जागच्या जागी फाशी देणारा हाच माणूस. लूट ही निवड होती, ही चूक होती. दोहोंना एकच शिक्षा दिली तर पुढच्या लढाईत कोणी पुढे जाणार नाही, हे तो जाणत होता.

३०/
गोलंदाज का थांबले, याचे उत्तर एका कारणात मावत नाही. पण व्यवस्थेने त्यांच्यात काय पेरले होते ते दिसते. दहा-पंधरा वर्षे तोफेपाशी उभे राहण्याला पगार मिळाला, जखमेला बक्षीस मिळाले, पंगूला भाकर मिळाली. या काळात ते वर्तन मोबदल्यापासून सुटून स्वतःच्या पायावर उभे राहिले. तोफ सोडणारा तो गोलंदाज नव्हे, अशी त्यांची स्वतःविषयीची समजूत झाली. स्किनरच्या तराजूत ही समजूत नीट मोजता येत नाही, पण तिची पेरणी त्याच्याच नियमांनी झाली होती.

३१/
असई हा अपवाद नव्हता. १ नोव्हेंबर १८०३ रोजी उत्तरेत लासवारीला शिंद्यांच्या उरलेल्या पलटणी लेकशी लढल्या. युरोपीय अधिकारी बहुतेक सोडून गेले होते. तरी गोलंदाज तोफांपाशीच मरण पावले, आणि त्यांच्या झुंजीची तारीफ खुद्द लेकने केली. दोन रणांगणे, शेकडो कोसांचे अंतर, वर्तन एकच.

३२/
यशवंतराव होळकरांनी या सगळ्यातून वेगळा धडा घेतला. १८०४ मध्ये इंग्रजांशी युद्ध जवळ आले तेव्हा आपल्या चाकरीतल्या व्हिकर्स, टॉड आणि रायन या तीन अधिकाऱ्यांचा त्यांनी शिरच्छेद करवला. आपल्या देशबांधवांविरुद्ध लढायला त्यांनी नकार दिला होता. यांतला व्हिकर्स म्हणजे २५ ऑक्टोबर १८०२ रोजी हडपसरच्या लढाईत होळकरांसाठी पराक्रम केलेला सेनानी.

३३/
शिंद्यांच्या कंपूंचे काय झाले ते पाहिलेल्या माणसाला ही शिक्षा अपरिहार्य वाटली असेल. फितुरीची वाट तिने बंद केली खरी. पण त्याचबरोबर हेही सर्वांना कळले की हडपसरची कामगिरी शिलकीत जमा होत नाही. त्यानंतर कोणता कसबी फिरंगी होळकरांकडे चाकरीला येणार होता? त्याच पावसाळ्यात होळकरांनी मॉन्सनच्या फौजेची दाणादाण उडवली, पण ती स्वतःच्या घोडदळाच्या आणि तोफखान्याच्या बळावर.

३४/
जेत्यांनी आपल्या माणसांना मान दिला. ७४ वी आणि ७८ वी पलटण आणि १९ वी लाइट ड्रॅगून्स यांना खास मानाची निशाणे मिळाली. मद्रासच्या देशी पलटणींनाही असईचा मान मिळाला. त्या मानाचे चिन्ह होते हत्ती. हा हत्ती आजही भारताच्या मद्रास रेजिमेंटच्या बिल्ल्यावर आहे, जरी स्वतंत्र भारताने देशी सत्तांविरुद्धच्या अशा लढायांचे मान साजरे करणे थांबवले असले तरी.

३५/
पण मान देऊन ज्यांना बांधले त्यांनाच शिक्षेने तोडताही येते. अवघ्या तीन वर्षांत मद्रासच्या लष्कराने देशी शिपायांवर नवा वेष लादला : गंध लावू नये, दाढी कापावी, नवी पगडी घालावी. मे १८०६ मध्ये वेल्लोरला ज्यांनी हरकत घेतली त्यांपैकी दोघांना, एक हिंदू आणि एक मुसलमान, प्रत्येकी ९० फटके मारून काढून टाकले. हरकत थांबली. अधिकाऱ्यांना वाटले, शिक्षा लागू पडली.

३६/
१० जुलै १८०६ च्या पहाटे वेल्लोरच्या किल्ल्यात देशी पलटणींनी बंड केले आणि शंभरावर गोरे सैनिक कापले गेले. अर्काटहून गिलेस्पी धावून आला, त्याच्यासोबत होती तीच १९ वी लाइट ड्रॅगून्स, असईची मानकरी. शेकडो शिपाई मारले गेले. नंतर वेषाचे हुकूम रद्द झाले, सेनापती क्रॅडॉक आणि गव्हर्नर बेंटिंक या दोघांनाही परत बोलावण्यात आले. फटक्यांनी संताप नाहीसा झाला नव्हता, दोन महिने तो फक्त दिसेनासा झाला होता.

३७/
सारे प्रसंग एकत्र ठेवले तर त्यांतून एक गोष्ट समान निघते. आयत्या वेळी मांडलेले मोठे बक्षीस अधिकाऱ्याला विकत घेऊ शकले. आयत्या वेळी उगारलेली तलवार फितुरीला अडवू शकली. पण तोफेपाशी उभे राहणारा माणूस यांतल्या कशानेही तयार झाला नाही. तो लहान, ठरलेल्या, वेळेवर पाळल्या गेलेल्या शब्दांनी वर्षानुवर्षांत घडला होता. जखम झाली तर काय, मेलो तर मुलांचे काय, या प्रश्नांना आधीच दिलेल्या उत्तरांनी घडला होता.

३८/
आणि ज्याने हा शब्द दिला होता त्याच्या वारसाला तो पाळता आला नाही. ३० डिसेंबर १८०३ च्या सुर्जी-अंजनगावच्या तहाने दुआबचा मुलूख, म्हणजे या फौजेच्या पगाराची जायदादच, इंग्रजांकडे गेली. इंग्रज पलटणींचे निशाण राहिले, त्यांच्या अधिकाऱ्यांची नावे राहिली, पोलमनसारखा सेनानीही पुढे कंपनीच्या चाकरीत गेला. असईच्या शेतांत पडलेल्या गोलंदाजांपैकी कोणाचे नाव मात्र कोणत्याही बिल्ल्यावर नाही. त्यांना हिशेबात फसवले गेले होते, तरी त्यांनी आपली बाजू पुरी केली. फौज, शाळा, कचेरी वा घर चालवणाऱ्या कोणालाही असईकडून शिकायचे असेल, तर ते या दुसऱ्या बाजूच्या देण्याविषयी आहे.